चौथी स्टेज आणि खळ्यातला दुसरा रविवार

"पसरलाय," असं डॉक्टर म्हणाले आणि त्यापुढचं मला काही ऐकूच आलं नाही. परतीच्या गाडीत पनवेल गेलं, रोहा गेलं, चिपळूणला समोरच्या कुणीतरी वडापाव घेतला, आणि माझं डोकं त्या एका शब्दाभोवतीच फिरत राहिलं. पसरला म्हणजे कुठे? किती? मग स्तनाचा कॅन्सर आता हाडांचा झाला का? घरी आल्यावर हे विचारायचं तरी कुणाला? नवरा माझ्याइतकाच घाबरलेला, मुलगी मुंबईत नोकरीला, आणि वाडीत त्या आजाराचं नाव घ्यायचीही चोरी. आमच्याकडे अजून 'तो आजार', 'मोठा आजार' असंच म्हणतात.

याला चार वर्षं झाली. या चार वर्षांत मला जे समजलं त्यातलं बरंचसं डॉक्टरांनी सांगितलं आणि उरलेलं माझ्यासारख्याच आजारी माणसांनी. दोन्ही इथे सोप्या शब्दांत लिहिते आहे. कणकवलीच्या आसपासच्या कुठल्यातरी घरात आजही कुणीतरी तसाच रिपोर्ट हातात धरून बसलं असेल, त्याच्यासाठी.

आधी 'पसरणं' समजून घेऊ. शरीरातल्या पेशी वेळेला वाढतात, वेळेला मरतात आणि आपली जागा सोडत नाहीत. कॅन्सरची पेशी हे तिन्ही नियम मोडते. ती मूळ गाठीतून सुटते, रक्तातून किंवा लसिका नावाचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून फिरते आणि दुसरीकडे जाऊन रुजते. बहुधा हाडात, यकृतात, फुप्फुसात किंवा मेंदूत. बहुतेक गाठींच्या कॅन्सरमध्ये यालाच चौथी स्टेज म्हणतात. पण जागा बदलली तरी तिची जात बदलत नाही. 'जया' जातीच्या भाताचा तरवा, म्हणजे रोपं, वरच्या कुणग्यातून (खाचरातून) काढून खालच्या कुणग्यात लावला म्हणून तो वेगळा भात होत नाही, लोंबी जयाचीच येते. माझ्या मणक्यातला कॅन्सर हा स्तनाचाच कॅन्सर आहे आणि त्याला औषधही स्तनाच्या कॅन्सरचंच चालतं. हे मला कुणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर 'एकाचे दोन झाले' म्हणून मी महिनाभर रडले नसते.

चौथ्या स्टेजला बहुतेक वेळा उपचाराचा हेतू बदलतो. मुळासकट उपटून काढणं शक्य नसतं, तेव्हा रोखून धरायचं, त्रास कमी करायचा आणि चांगले दिवस वाढवायचे. बहुतेक वेळा म्हणते, कारण अपवाद आहेत. वृषणाचा कॅन्सर पसरल्यावरही पुष्कळदा पूर्ण बरा होतो. मोठ्या आतड्याचा यकृतात एखाददुसऱ्या ठिकाणीच गेला असेल तर शस्त्रक्रियेने काही जण बरे होतात. त्यामुळे नुसतं 'चौथी स्टेज' ऐकून शेजारपाजाऱ्यांनी निकाल देऊ नये, आणि आपण तो ऐकून घेऊ नये.

माझं रोजचं म्हणाल तर असं आहे. हार्मोन दाबणारी एक गोळी रोज. दुसरी, पॅल्बोसिक्लिब नावाची, एकवीस दिवस सलग आणि मग सात दिवस सुट्टी. २०२३ मध्ये तिचं पेटंट संपलं, भारतीय कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि ती आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आली. तिने पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून गोळ्यांची पुढची फेरी सुरू करण्याआधी रक्त तपासायचंच. हाडांसाठी ठरावीक महिन्यांनी सलाईनमधून एक इंजेक्शन, आणि ते सुरू होण्याआधी दातांची तपासणी, कारण त्या औषधाने क्वचित जबड्याचं हाड खराब होतं. मधल्या दिवसांत मी स्वयंपाक करते, परसातल्या वांग्या-मिरच्यांना पाणी घालते, गौरी-गणपतीत फुगडीच्या कडेला बसून गाणी म्हणते. मणक्यामुळे फुगडी घालायची नाही.

दर तीन महिन्यांनी स्कॅन असतो. तो आठवडा वाईट. तेव्हा घरातल्यांवर मी विनाकारण चिडते आणि त्यांना आता ते ठाऊक आहे.

किती दिवस, या प्रश्नाबद्दल

एका मोठ्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरांनी संगणकावरची नजर न काढता मला सांगितलं, "साधारण तीन वर्षं." एवढंच. तो आकडा म्हणजे काय हे सांगायला त्यांना वेळ नव्हता. ते मला खूप नंतर समजलं, आणि माझ्या मते हे प्रत्येक पेशंटला समजायला हवं.

आंब्याची आढी डोळ्यांपुढे आणा. गवताच्या थरात एकवीस हापूस ठेवलेत. सगळे एका दिवशी पिकत नाहीत. पिकतील त्या क्रमाने मांडत गेलं तर अकरावा आंबा ज्या दिवशी पिकतो तो दिवस म्हणजे मध्यक. समजा तो आठवा दिवस आहे. याचा अर्थ आठव्या दिवशी सगळी आढी पिकली असा होत नाही. दहा आंबे त्याच्या आधी पिकले, दहा मागाहून पिकतील, आणि त्यातले दोन-तीन पंधराव्या दिवशीही हाताला घट्ट लागतात. डॉक्टर सांगतात तो बहुधा हा अकराव्या आंब्याचा दिवस असतो. शिवाय तो काही वर्षांपूर्वी उपचार सुरू केलेल्या लोकांवरून काढलेला असतो, त्यांच्या वेळी आजची काही औषधं नव्हती. अमेरिकेतले जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा झाला. तेव्हा त्या आजाराचा मध्यक होता आठ महिने. ते २००२ पर्यंत जगले.

सगळेच गूल्ड होत नाहीत. आधी पिकणारे दहा आंबेही त्याच आढीत असतात. म्हणून मी बँकेतल्या खात्याला वारस लावला, सातबाऱ्याचं काम पुढे ढकललं नाही, आणि माझे दागिने कुणाला द्यायचे ते मुलीला सांगून ठेवलं. ते करून झाल्यावर मला झोप बरी लागायला लागली.

दुखणं सोसायचं नसतं

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असं आमच्याकडे सगळे समजतात. मीही समजत होते. खरं तर दुखणं, मळमळ, धाप, झोप, भीती आणि घरच्यांची ओढाताण यांच्याकडे बघणारी ही डॉक्टर-नर्सची वेगळी फळी आहे आणि ती केमोच्या जोडीने, पहिल्या दिवसापासून चालते. २०१० मध्ये अमेरिकेत पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ पेशंटवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून ही सेवा दिली. त्यांच्यात उदासी कमी होती, आणि त्यांचा मध्यक ११.६ महिने आला, बाकीच्यांचा ८.९.

मॉर्फिनला तर लोक विषासारखं घाबरतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखण्यासाठी घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागणं क्वचित घडतं. ते घड्याळ लावून घ्यायचं, दुखायला लागायची वाट बघायची नाही. त्याने पोट हमखास बांधतं, म्हणून जोडीला रेचक लागतंच. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यामुळे ते मिळणं फार अवघड झालं होतं, २०१४ च्या दुरुस्तीने वाट जरा मोकळी झाली. तरी कोपऱ्यावरच्या मेडिकलात ते मिळत नाही. घाटात दरड आली की मुंबई दूर होते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं, ते आठवा. म्हणून मे महिन्यातच डॉक्टरांशी बोलून पावसाळ्याच्या औषधांची बेगमी ठरवायची, जशी आपण सुक्या मासळीची करतो.

दोन गोष्टींत मात्र दिवस उजाडायची वाट बघू नका. केमो किंवा माझ्यासारख्या गोळ्या चालू असताना १००.४ च्या वर ताप गेला, किंवा मणक्यात आजार असताना पायातली ताकद अचानक गेली, लघवी कळेनाशी झाली, तर त्याच रात्री गाडी करून दवाखाना गाठायचा.

"तुझो खयचो गो?"

कणकवली स्टेशनवर रात्रीच्या कोकणकन्येची वाट बघत बसले होते. बाकाच्या दुसऱ्या टोकाला साठीची एक बाई. डोक्याला स्कार्फ, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली जाड फाइल. तिने माझ्या फाइलकडे बघितलं.

"तुझो खयचो गो?"

"छातीचो. आता मणक्यात गेलो."

"माझो आतड्याचो. बस हयसर." आणि तिने आपली पिशवी उचलून मला जागा केली.

चेहरा पाडला नाही, 'अरे देवा' नाही, 'सगळं ठीक होईल' नाही. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला समोरच्या माणसाला धीर द्यावा लागला नव्हता. हे ज्याला झालं नाही त्याला कदाचित कळणार नाही. आजारी माणसाचा अर्धा दिवस दुसऱ्यांना सावरण्यात जातो. भेटायला येतात ते रडतात, आपण त्यांना चहा देतो आणि सांगतो की मी बरी आहे. 'पॉझिटिव्ह राहा' असं प्रेमानेच म्हणतात, पण त्यानंतर भीती वाटते असं म्हणायची सोयच उरत नाही.

त्या काकींमुळे आमचा गट सुरू झाला. दर महिन्याचा दुसरा रविवार, काकींच्या घराचं खळं म्हणजे पुढचं अंगण, दुपारी तीन ते पाच. आधी आम्ही दोघीच होतो. मग फोंडाघाटाकडची जिभेचं ऑपरेशन झालेली एक मुलगी, वैभववाडीचे एक निवृत्त गुरुजी, मालवणची एक मासेविक्री करणारी बाई. आता सात-आठ जण असतो. उपचारांना कुणी मुंबईला टाटात जातं, कुणी डेरवणला, सावंतवाडीकडचे गोव्याला बांबोळीला. पावसात एसटी बेभरवशाची, तेव्हा फोनवर सगळ्यांना जोडून घेतो. रेंज जाते, पुन्हा लावतो.

तिथे मिळणारं ज्ञान कुठल्याच फाइलमध्ये नसतं. काकींच्या पोटावर शौचाची पिशवी होती. त्यांनी गुरुजींना शिकवलं की पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, भरून जड झाली की सुटते. भोकाभोवतीची कातडी नुसत्या पाण्याने धुऊन टिपायची आणि खोबरेल अजिबात लावायचं नाही. आपण कोकणातली माणसं, कातडी लाल झाली की हात आधी खोबरेलाकडे जातो, आणि मग तेलकट जागी पिशवी चिकटतच नाही. गुरुजी तीन आठवडे घरातून बाहेर पडले नव्हते ते एवढ्यासाठी. पुढच्या महिन्यात ते एसटीने एकटे आले.

मालवणच्या ताईंच्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत. अशा हाताला जखम झाली तर तो सुजून भप्प होतो आणि कधी कधी सूज उतरतच नाही. मासे साफ करायचे तर काटा लागणारच. त्यांनी जाड रबरी मोजे शोधले, ते कुठल्या दुकानात मिळतात ते आम्हा सगळ्यांना सांगितलं. केमोत तोंडाला लोखंडाची चव येते, तेव्हा आमसूल चघळलं की बरं वाटतं. पण तोंड आलं असेल तर सोलकढीसुद्धा झोंबते, त्या दिवसांत उकड्या तांदळाची पेज कोमट करून घ्यायची. माझ्या पॅल्बोसिक्लिबबरोबर चकोत्रा (ग्रेपफ्रूट) चालत नाही, त्याने औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढतं. आमच्या परसात पपनस आहे, ते त्याच कुळातलं. गटात हा विषय निघाला म्हणून मी डॉक्टरांना विचारलं आणि त्यांनी तेही बंद करायला सांगितलं.

पैशांचंही असंच कळतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात आणि योजनेतल्या रुग्णालयात त्या कामात मदत करणारा आरोग्यमित्र बसतो, हे मला काकींनी सांगितलं. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थ्री एसीचं पूर्ण भाडं माफ आहे, सोबतच्या माणसालाही मोठी सूट असते. दवाखान्यातून फॉर्म भरून घ्यावा लागतो. मी आधीच्या सगळ्या खेपांना पूर्ण तिकीट काढलं होतं.

गटाने आयुष्य वाढतं का? हा प्रश्न मी प्रामाणिकपणे शोधला. १९८९ मध्ये अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगेल यांनी पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या ८६ बायकांचा अभ्यास मांडला. काहींना वर्षभर दर आठवड्याला दीड तास गटात बसवलं होतं. त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, बाकीच्या १८.९. जगभर गाजावाजा झाला. पण २००१ मध्ये कॅनडात २३५ बायकांवर तसाच अभ्यास झाला, त्यात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. २००७ मध्ये स्पीगेल यांनी स्वतः पुन्हा करून बघितलं, तेव्हाही एकंदरीत नाही. मात्र कॅनडाच्या अभ्यासात गटातल्या बायकांचा मनाचा त्रास कमी झाला आणि दुखणंही कमी जाणवलं, विशेषतः ज्या सुरुवातीला जास्त खचलेल्या होत्या त्यांचं. तेव्हा गटात आलात तर जास्त जगाल असं मी कुणाला सांगत नाही. या अभ्यासांतले गट या कामाचं शिक्षण घेतलेली माणसं चालवत होती, आमचा तसा नाही, हेही सांगते. कुणी फारच खचलेलं वाटलं, जेवण-झोप सुटली, जीव नको म्हणायला लागलं, तर आम्ही त्याला डॉक्टरांकडे घेऊन जातो. ते आमच्या हातातलं काम नव्हे.

ठेच लागल्यावर काही गोष्टी ठरल्या. औषधाबद्दल बोलायचं ते 'मला असं झालं' एवढंच, 'तू हे घे' म्हणायचं नाही. एकाने कुठलातरी काढा आणला होता, दोघांनी घेतला, आणि एकाच्या यकृताचे आकडे इतके चढले की केमो पुढे ढकलावी लागली. देवाला गाऱ्हाणं घालायला कुणाचीच ना नाही, मीही घालते. पण गोळी बंद करून नाही. खळ्यातलं बोलणं वाडीत जाता कामा नये, कारण इथे लग्नाच्या मुली आहेत आणि 'त्यांच्याकडे कॅन्सर आहे' म्हणून अजून स्थळं मोडतात. ताटं-भांडी वेगळी ठेवतात. कॅन्सर शिवण्याने होत नाही, एका ताटात जेवलं तरी होत नाही, हे मी इथे ठासून लिहिते.

आणखी एक गोष्ट उशिरा कळली. ज्यांचे उपचार संपून आजार गेला आहे ते आणि आमच्यासारखे कायम उपचारांवर असलेले, यांची बैठक नेहमी एकत्र जमत नाही. त्या फोंडाघाटच्या मुलीचा आजार दूर कुठे पसरलेला नव्हता. आमचं बोलणं ऐकून ती रात्री झोपेना. आणि ती 'संपली एकदाची केमो' म्हणून पेढे घेऊन आली तेव्हा मला आनंद झाला, आणि घरी जाऊन मी रडलेही, कारण माझे उपचार संपणार नाहीत. आता पहिला तास सगळ्यांचा, दुसरा आमचा. सोबत आलेले नवरे, बायका, मुलं त्या वेळात मागच्या पडवीत बसतात. सुरुवातीला ते तिथे नुसते मोबाइल बघत असत. हल्ली त्यांचंच बोलणं संपत नाही.

तुमच्याकडे गट नसेल तर दोन माणसं पुरतात. तपासणीच्या रांगेत, गाडीत, आरोग्यमित्राच्या टेबलापाशी ती भेटतात. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून आहे, आणि व्ही केअर संस्थेचे बरेच कार्यकर्ते स्वतः या आजारातून गेलेले असतात. त्यांच्याशी बोलून बघा.

काकी गेल्या मार्गशीर्षात वारल्या. शेवटचे तीन आठवडे त्या घरीच होत्या, मॉर्फिन वेळच्या वेळी होतं, दुखणं हातात राहिलं. आम्ही आळीपाळीने जात होतो. त्या फारसं बोलत नव्हत्या, पण मी गेले की हात उचलून खाटेवर बाजूला जागा दाखवायच्या. त्या महिन्याचा दुसरा रविवार आम्ही रद्द केला नाही. गुरुजी म्हणाले, त्यांच्याबद्दल बोलू या, आणि आपल्याला काय वाटतंय तेही बोलू या. पुढचा नंबर आपला का, हे तिथेच मोठ्याने म्हणता आलं. दोघे त्यानंतर दोन महिने आले नाहीत. आम्ही फोन केला, पण या म्हणून आग्रह केला नाही. एक परत आला.

बारावं-तेरावं झाल्यावर काकींचे यजमान एक खोका घेऊन खळ्यात आले. त्यात दोन गोष्टी होत्या. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या, त्या कुणालाही द्यायच्या नसतात, म्हणून त्यांनी त्या दवाखान्यात परत करायला बाजूला काढून ठेवल्या. आणि न उघडलेल्या अकरा पिशव्या, भोक आपल्या मापाने कापून घ्यायच्या जातीच्या. त्यांनी त्या गुरुजींसमोर ठेवल्या आणि विचारलं, "तुमका चलतले?"

गुरुजींनी एक पिशवी उघडून पाठीमागचा कागद बघितला, माप बघितलं. "चलतले," ते म्हणाले.